रडतराऊच्या डोळ्यांतले थेंब

बसथांब्यावर एवढा मोठा माणूस एवढ्या मोकळेपणानं रडताना तिनं आजवर पाहिला नव्हता.

पाऊस तिरका कोसळत होता. थांब्याचं छप्पर नावापुरतंच, आणि त्याखाली हा दाराच्या चौकटीत मावणार नाही असा गडी हमसून हमसून रडत होता. त्याचा रेनकोट मनगटाच्या वरच संपत होता. शेजारी आईचा हात धरून उभी असलेली एक चिमुरडी त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाकीची मंडळी मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी. तिला त्या मंडळींचा असा काही राग आला... खरं तर तिला दुसऱ्याच्या रडण्यात पडायला सवड नव्हती. नव्या नोकरीचा पहिला दिवस, पिशवीत कात्री, टेप नि सुयांची डबी, त्यात उशीर झालेला. तरी ती पुढे झाली आणि आपला रुमाल तिनं त्याच्या हातात कोंबला.

"पुसा डोळे," ती म्हणाली. "कोण गेलं ते मी विचारत नाही. पण असं भर रस्त्यात... घरी जाऊन रडा पोटभर. असेल ना कुणीतरी घरी?"

तो गडबडला. चिमुरडी खुदकन हसली, त्याला 'थँक्यू' म्हणाली आणि आलेल्या बसमध्ये आईबरोबर चढली. बस वळणापलीकडे जाईपर्यंत त्यानं हुंदके चालू ठेवले. मग नळ बंद करावा तसा तो थांबला.

"माफ करा," तो हळूच म्हणाला. "कुणी गेलेलं नाही. ती मुलगी म्हणाली, रडून दाखवा. मला नाही म्हणता येत नाही. करारातच आहे तसं."

टीव्हीवर कुस्तीचा एक शो असतो, त्यात आपण रडतराऊ आहोत, आणि बाहेर कुणी ओळखलं तर तिथल्या तिथे रडून दाखवायचं असा कंपनीचा नियम आहे, हे सगळं त्यानं तिला खाली मान घालून सांगितलं. तिनं तो शो कधी पाहिला नव्हता. तिचे कान तापले. भर पावसात, चार लोकांदेखत, एका खोट्या रडणाऱ्याला आपण धीर दिला होता.

"द्या तो रुमाल इकडे."

"ओला झालाय."

"खोट्या रडण्यानं रुमाल ओला कसा होतो?"

"पावसानं," तो इतक्या गरीब चेहऱ्यानं म्हणाला, की तिला राग धरून ठेवणं जड गेलं.

पुढची बस दोघांचीही तीच निघाली. उतरायचा थांबाही तोच. वळायची गल्लीही तीच. फाटकाशी ती थांबली आणि संशयानं म्हणाली, "तुम्ही माझ्या मागे मागे येताय का?"

"मी तर पुढे आहे," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी फाटक उघडून धरलं.

तर अशी ही ओळख झाली. तिची नवी नोकरी त्याच कंपनीत होती, पैलवानांचे कपडे शिवायची. इथे पैलवानाला दिलेल्या रूपाला 'सोंग' म्हणत, आणि सोंगं ठरवायचं काम मालकांनी, म्हणजे साहेबांनी, स्वतःकडे ठेवलं होतं. साहेबांना कल्पना आंघोळ करताना सुचत आणि आंघोळ ते रोज करत, ही सगळ्यांची खरी अडचण होती. एका चांगल्या चपळ पोराचा त्यांनी ट्रॅफिक सिग्नल केला होता. त्याच्या छातीवर तीन दिवे होते, लाल लागला की समोरच्यानं थांबायचं. कुणीही थांबत नसे. दुसरा एक विमा एजंट होता. तो कुस्तीआधी योजना समजावून सांगू लागला की निम्मी खुर्च्यांची रांग उठून चहाला जाई. एक होते भूगोलाचे सर, ते पृथ्वीचा गोल घेऊन येत आणि लोकांच्या डोक्यात घालत. मध्यंतरी कुणाला तरी उकडलेला बटाटाही केला होता. तो फार टिकला नाही, पण बटाट्याला शिवण नेमकी कुठे घालायची या विचारात तिची झोप उडाली ती उडालीच.

पण या सगळ्यांत चाललेलं एकच सोंग होतं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. रडतराऊ रिंगमध्ये यायचा, चादरीएवढा रुमाल खांद्यावर टाकून. मार बसला की रडायचा. जास्त बसला की जास्त रडायचा. लोक "रड, रड" असा ताल धरायचे, आपले रुमाल रिंगमध्ये भिरकावायचे आणि पोट धरधरून हसायचे. तो कधी जिंकत नसे. अंगात बैलाची ताकद असलेला माणूस दर आठवड्याला रडत रडत हरत होता, आणि टीव्हीवर त्याच्याइतकं कुणीच चालत नव्हतं.

त्याच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी ग्लिसरीनचे थेंब घालावे लागत. मेकअपवाला नोकरी सोडून गेला तेव्हा ते काम तिच्याकडे आलं, कारण तिचा हात कापत नसे. तोवर तिचं नाव सुई पडलं होतं. भूगोलाच्या सरांनीच ठेवलं होतं ते. अंगानंही सुई, जिभेनंही सुई, असं त्यांचं म्हणणं.

कपड्यांच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी एक स्टूल होतं. प्रत्येक शोआधी तो त्यावर येऊन बसायचा. बसूनही तिच्याएवढाच उंच. ती एका हातानं त्याची हनुवटी वर करायची, आणि तिला त्याच्या पापण्या दिसायच्या. लांब, जराशा वळलेल्या, एवढ्या धिप्पाड माणसाला न शोभणाऱ्या... की फारच शोभणाऱ्या, हे तिला ठरवता येईना.

"वर बघ." अहो-जाहो केव्हा गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"वरच बघतोय."

"छताकडे बघ. माझ्याकडे नाही."

"छत काय, रोजच असतं."

"मीही रोजच असते."

"तेच तर..." तो म्हणाला, आणि छताकडे बघू लागला. तिच्या हातून त्या दिवशी एक थेंब गालावर पडला. हात कापत नसलेल्या बाईच्या हातून.

मग तिनं त्याच्या रेनकोटच्या बाह्यांना लांब पट्ट्या जोडून दिल्या. तो तिच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजत चालू लागला. तिचं मशीन खिडकीशी हलवायचं होतं, ते त्यानं दळणाचा डबा उचलावा तसं उचलून ठेवलं आणि विचारलं, अजून काही हलवायचंय का? तिला वाटलं, माझं मन हललंय ते पुरे नाही का... पण असं बोलायला तिची जीभ सरावलेली नव्हती. तिची जीभ टोचायला तयार झालेली. ती म्हणाली, "हो, तुझा पाय हलव. माझ्या कापडावर आहे."

एका संध्याकाळी तिनं त्याला विचारलं, हे सोंग तुझ्याच वाट्याला का? मग त्यानं सांगितलं. आधी तो साधाच पैलवान होता, काळी चड्डी घालून लढणारा, बऱ्यापैकी जिंकणारा. एके दिवशी सकाळी त्याचे वडील गेले आणि संध्याकाळी त्याची कुस्ती लागलेली होती. त्याला नाही म्हणता आलं नाही. कुस्ती ऐन रंगात असताना वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो तिथेच, रिंगच्या मधोमध ढसाढसा रडू लागला. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. सगळा हॉल हसला. त्या दिवशी साहेबांना आंघोळ न करताच कल्पना सुचली.

"तेही एक वेळ चाललं असतं," तो म्हणाला. "पण पुढे वर्षानं... मी आणि आई घरी बसलो होतो. बाबांचं काहीतरी बोलत होतो. मला रडू आलं. खरं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, टीव्हीवर करतोस ना, अगदी तसंच. आणि हसली गं ती. तिचा तरी काय दोष. दर आठवड्याला बघते. पण तेव्हापासून मला रडूच येत नाही. तू थेंब घालतेस तेवढंच."

तिनं त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच.

"माझ्यासमोर रड तू," ती म्हणाली. "केव्हाही. मी ओळखीन."

त्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसला होता. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढ्याशा वाक्यावर विश्वास बसलेला बघून तिला भरून आलं, आणि त्याच क्षणी तिला कळलं, की आपलं याच्यावर प्रेम आहे. आता याच्यावरच राहणार.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगितलं पाहिजे.

त्या दिवशीही बाहेर पाऊस होता. हॉलमध्ये लोक जमू लागल्याचा गलका भिंतीपलीकडून येत होता. तिनं थेंब घातले, बाटलीचं बूच लावलं आणि वळणार तोच त्यानं तिचं मनगट धरलं. अलगद.

"सुई... मला तुझ्याशी लग्न करायचंय. कसं विचारतात मला माहीत नाही. मी..."

तिला आनंदच झाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही डोळे भरून वाहत होते, नाक लाल झालं होतं, ओठ थरथरत होते. दर आठवड्याला टीव्हीवर दिसतो तसाच, अगदी तसाच दिसत होता तो. ती इतकी गोंधळली, इतकी लाजली, की तोंडातून काय जातंय याच्याकडे तिचं लक्षच राहिलं नाही.

"वा," ती हसून म्हणाली, "आज काय जमलंय. साहेबांना सांग, पुढच्या वेळी प्रेमभंगच दाखवा म्हणावं."

त्यानं मनगट सोडलं.

"सांगतो," तो म्हणाला. हसलासुद्धा. चादरीएवढा रुमाल खांद्यावर टाकून तो निघून गेला, आणि सुई बाटली हातात धरून तशीच उभी राहिली. स्वतःची जीभ हासडून टाकावी असं तिला वाटलं. थेंब तिनंच घातले होते, वाहणारं पाणी तिचंच होतं, पण थरथरणारे ओठ त्याचे होते. ओठ थरथरायला कुठलं औषध लागतं?

पुढचा शो येईपर्यंत तिनं मनातल्या मनात त्याला किती वेळा 'हो' म्हटलं, त्याला गणती नाही. मशीन चालवताना, भांडी घासताना, बसमध्ये. शोच्या दिवशी तिनं केस नीट विंचरले. तो आला, पण आत आला नाही, दारातच उभा राहिला.

"आज थेंब नकोत," तो म्हणाला. "डोळे चुरचुरतात. आज असाच जातो."

"रागावलास?"

"नाही गं."

ती पुढे बोलणार, तेवढ्यात ट्रॅफिक सिग्नल धावत आला. त्याचा पिवळा दिवा निखळून लोंबत होता आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याला रिंगमध्ये जायचं होतं. सुईनं दात-ओठ खात दोरा ओवला. "संपल्यावर थांब," ती रडतराऊला म्हणाली. "बोलायचंय. महत्त्वाचं आहे." तो बरं म्हणाला आणि गेला.

दिवा टाचून, पोराला पिटाळून ती धापा टाकत पडद्याशी आली, तेव्हा त्याची कुस्ती सुरू झाली होती. समोर भूगोलाचे सर. सरांनी त्याला उचलून आपटायचं, त्यानं पाठीवर पडायचं, रडायचं, आणि मग सरांनी दोरांवर चढून त्याच्या अंगावर उडी मारायची, असं ठरलेलं होतं. सरांनी उचललं. कुणाचं लक्ष चुकलं कोण जाणे, तो पाठीवर पडायच्या ऐवजी मानेवर पडला. पण लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच. तो पडल्यापडल्या रडू लागला.

काय रडत होता तो त्या दिवशी. आजवर असं रडणं कुणी पाहिलं नव्हतं. चेहरा वेडावाकडा झालेला, आवाज फुटत नव्हता, नुसतं पाणी. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. रुमालांचा पाऊस पडला. पंचही तोंड फिरवून हसू दाबत होता. आणि पडद्याशी उभी असलेली सुई... तीही हसली. तिला हायसं वाटलं होतं. रुसला नाहीये, बघ कसा मन लावून काम करतोय, असं वाटलं तिला. त्याचं रडणं म्हणजे आपले थेंब, हे तिच्या अंगवळणी पडून गेलं होतं.

सर दोरांवर चढले. सरांनी उडी मारली.

तेव्हा तिला आठवलं.

ती धावली. गळ्यात टेप, हातात सुई तशीच. दोरांखालून घुसताना कुर्त्याची बाही फाटली. लोकांना वाटलं, हे आणखी एक नवीन सोंग, त्यांनी टाळ्या पिटल्या. सर दुसऱ्या उडीसाठी वर चढत होते. सोंग कधी मोडायचं नाही हा या धंद्यातला पहिला नियम, पण ती त्याच्या अंगावर आडवी झाली आणि पंचाला ओरडून म्हणाली, "आज थेंब घातलेले नाहीत."

हॉलमधल्या कुणालाही त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. पंचाला कळला. सरांना कळला. दोरांवर उभ्या सरांच्या हातातून पृथ्वीचा गोल सुटला आणि गडगडत कोपऱ्यात गेला.

हॉस्पिटलमध्ये त्याच्या मानेला जाड पट्टा बांधला होता. चालता येईल, डॉक्टरांनी सांगितलं होतं, डाव्या हातात जोर येईल की नाही ते आज सांगता येत नाही, आणि रिंग मात्र कायमची बंद. इजा आपटण्यानं झाली की नंतरच्या उडीनं, हेही त्यांना सांगता येत नव्हतं. सुईनं ते खोदून खोदून विचारलं होतं. उत्तर न मिळाल्यावर ती तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिली होती. दरम्यान साहेब येऊन गेले. मानेचा पट्टा पाहून त्यांना लगेच कल्पना सुचली होती. रिंगबाहेर नुसतं उभं राहायचं, सोंगाचं नाव पट्टेवाला. रडतराऊ त्यांना नाही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारचं ऊन पलंगावर आलं होतं. त्याची आई औषधं आणायला खाली गेली होती. सुई स्टूलावर बसली.

"मी त्या दिवशी संपल्यावर काय सांगणार होते, ठाऊक आहे?"

"हो," तो म्हणाला.

"मग मी आत्ता..."

"एक विचारू, सुई?" त्याला मान वळवता येत नव्हती, नुसते डोळे तिच्याकडे आले. "पडल्यावर माझं तोंड पडद्याकडे होतं. वळवता येत नव्हतं. तू तिथे होतीस. तू हसलीस ना?"

नाही म्हणता आलं असतं. लांबून तुला तसं वाटलं असेल, असंही म्हणता आलं असतं. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"हसले," ती म्हणाली. "मला वाटलं... थेंब."

"तसंच वाटणार. सगळ्यांना वाटलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "पण धावत तूच आलीस. तू नसतीस तर हा उजवा हातही गेला असता. ते मी विसरणार नाही."

मग त्यानं सांगितलं, की उद्या तो आणि आई निघणार. ताईकडे, दुसऱ्या गावी. मेहुण्यांचं दुकान आहे, तिथे बसून करण्यासारखं काहीतरी काम मिळेल. सुई म्हणाली, मीही येते, शिवणकाम काय कुठेही मिळतं. मशीन डोक्यावर घेऊन ये म्हणालास तर तशी येते. तो हसला, आणि हसताना मान दुखली म्हणून थांबला.

"नको, सुई."

"प्रेम नाही तुझं?"

"आहे गं. खूप आहे." तो छताकडे बघत होता. "पण पुढे कधी मला रडू आलं, तर मी आधी तुझ्याकडे बघणार. तू हसतेस का ते बघणार. आणि तू हसणार नाहीस, जपून जपून चेहरा करशील, तेही मला दिसणार. सगळ्या जगात एका माणसासमोर मला रडता येईल असं वाटलं होतं. आता तुझ्यासमोर रडू यायचंच नाही. मग कशाला... तूही बिचारी आयुष्यभर चेहरा सांभाळत बसशील."

तिला म्हणायचं होतं, मी पुन्हा कधी चुकणार नाही. तिला म्हणायचं होतं, एकदा, फक्त एकदाच... पण तिला हुंदका आला, मग दुसरा, आणि मग ती थांबवू शकली नाही. तोंडावर हात दाबून, पाठ वाकवून ती रडत राहिली. त्यानं उजवा हात पुढे करून तिच्या केसांवर ठेवला. खरं आहे का हे, असं त्यानं विचारलं नाही. त्याच्या मनात ते आलंही नाही, हे तिला त्या हातावरून कळत होतं, आणि त्यानं तिला आणखीच रडू येत होतं.

दार उघडून आई आत आली. हातात औषधांची पिशवी. कंपनीतली ही बारीकशी पोरगी तिनं एकदोनदा पाहिलेली होती. तिला असं गदगदून रडताना बघून म्हातारी दारातच थांबली, आणि तिच्या ओठांच्या कडेला ओळखीचं हसू आलं.

"काय गं बाई," ती म्हणाली, "तुम्ही लोक इथेसुद्धा..."

"नाही, आई," तो म्हणाला. "ती खरंच रडतेय. पाणी दे तिला."